लवकर कललेला दिवस

फ्रान्सच्या ईशान्य भागात कोलोम्बे-ले-दोझ-एग्लीझ नावाचे एक लहानसे खेडे आहे. 'दोन चर्चचे कोलोम्बे' असा या नावाचा शब्दशः अर्थ. तेथील चर्चला लागून असलेल्या दफनभूमीत एका साध्या दगडाखाली फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल शार्ल द गॉल चिरविश्रांती घेत आहेत. मृत्यूच्या अठरा वर्षे आधी, १९५२ साली, त्यांनी आपल्या अंत्यविधीविषयी लेखी सूचना करून ठेवल्या होत्या. राष्ट्रीय इतमाम नको, भाषणे नकोत, गावच्या चर्चमध्ये साधा विधी व्हावा, आणि जेथे आपली मुलगी आन अगोदरच विसावली आहे त्याच थडग्यात आपल्याला ठेवावे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. १९७० च्या नोव्हेंबरात तसेच झाले. ज्या पुरुषाने पराभूत राष्ट्राला उभे केले त्याला शेवटची सोबत हवी होती ती वीस वर्षांच्या एका अबोध मुलीची.

आनचा जन्म १ जानेवारी १९२८ रोजी जर्मनीतील ट्रियर शहरात झाला. द गॉल तेव्हा तेथील फ्रेंच सैन्याच्या एका तुकडीचे प्रमुख होते. मूल आज आपण ज्याला 'डाउन सिंड्रोम' म्हणतो ती अवस्था घेऊन आले होते. अशा मुलाला दूरच्या संस्थेत ठेवून त्याच्याविषयी मौन पाळावे, असा प्रतिष्ठित घराण्यांतून त्या काळी रिवाज होता. शार्ल आणि इव्होन या कॅथॉलिक दांपत्याने तो पाळला नाही. आन घरातच वाढली. युद्धकाळात आईवडिलांबरोबर इंग्लंडला आणि तेथून अल्जीरियालाही गेली. चारचौघांत पाषाणासारखा वागणारा हा उंचापुरा सेनानी मुलीपुढे गाणी म्हणे, तिला हसवण्यासाठी नाचेसुद्धा. मात्र एक चिंता त्या मातापित्यांना रात्रंदिवस पोखरत होती. आपल्यामागे हिचे कसे होणार? युद्ध संपता संपता इव्होन द गॉल यांनी पॅरिसजवळ मिलाँ-ला-शापेल येथे एक जुनी हवेली विकत घेतली आणि आनसारख्या मुलींसाठी तेथे निवास सुरू केला. पुढे आपल्या युद्धविषयक आठवणींच्या ग्रंथांचे मानधन जनरलने या कामाला लावले. परंतु ज्या मुलीसाठी हा सारा प्रपंच, ती आईवडिलांना मागे ठेवून गेली. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी, विसाव्या वर्षी, न्यूमोनियाने तिचा अंत झाला.

वीस वर्षांचे आयुष्य म्हणजे काय, असे आपल्याला वाटेल. पण त्या काळच्या हिशेबाने ते थोडके नव्हते. लायनेल पेनरोज या इंग्रज शास्त्रज्ञाने अशा मुलांचा आयुष्यभर अभ्यास केला. १९२९ च्या सुमारास त्यांचे सरासरी आयुष्य नऊ वर्षांचे आणि १९४९ च्या सुमारास बारा वर्षांचे, असे अंदाज आजही सर्वत्र दिले जातात. सरासरी हा शब्द येथे जपून घ्यावा. पहिल्याच वर्षी दगावणाऱ्या तान्ह्यांमुळे तो आकडा एवढा खाली येई. जे मूल पहिली काही वर्षे तरून जाई ते पुढे बरेच जगू शकत असे. तरीही एवढे खरे की, अशा मुलाची आई आपल्या हाताने त्याला मूठमाती देण्याची तयारी मनाशी करूनच त्याला वाढवत असे.

आज हे चित्र पालटले आहे. डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती प्रगत देशांत सरासरी साठ वर्षांपर्यंत जगते. द गॉल दांपत्याला छळणारा प्रश्न आन गेल्यामुळे सुटला. आपल्या काळातल्या आईबापांचा तो तसा सुटत नाही. मुलाला म्हातारपण येते, आणि ते त्याच्या आईवडिलांच्या म्हातारपणाबरोबरच घरात येऊन बसते. हे वार्धक्य कसे असते, त्याची ओळख माणसाला केव्हा आणि कशी झाली, हे सांगावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे. मी इतिहासाचा शिक्षक, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा वाचकांनी यात औषधोपचार शोधू नयेत. शिवाय आमच्या धर्मग्रामातील एका मावशींची आणि त्यांच्या मुलाची मला सारखी आठवण होत राहिली, तेही एक कारण आहे. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

या इतिहासाची सुरुवात इंग्लंडात सरे परगण्यातील अर्ल्सवुड या वेडसर व मंदबुद्धी जनांच्या आश्रमात होते. १८५८ साली जॉन लँगडन डाउन हा तिशीतला डॉक्टर तेथे अधीक्षक म्हणून आला. त्याच्यासारखा हुशार विद्यार्थी लंडनच्या मोठ्या रुग्णालयात सहज स्थिरावला असता. मंदबुद्धी मुलांत जाऊन बसणे म्हणजे कारकीर्द मातीत घालणे, असे त्याच्या सहाध्यायांना वाटले असल्यास नवल नाही. डाउनने तेथे मारझोड बंद केली, मुलांना काट्याचमच्याने जेवावयास शिकवले, त्यांची छायाचित्रे काढली. १८६६ साली त्याने एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात मुलांच्या एका गटाच्या चेहऱ्यामोहऱ्याचे, जिभेचे, नकला करण्याच्या हौसेचे आणि विनोदबुद्धीचे इतके नेमके वर्णन आहे की, ज्याने असे मूल पाहिले आहे त्याला ते चटकन ओळखू यावे. त्याच निबंधात त्याने या मुलांना 'मंगोलियन' म्हटले आणि ते चुकीचे, अपमानकारक नाव शंभर वर्षे जगाच्या तोंडी बसले. गंमत अशी की, एका वंशाच्या घरात दुसऱ्या वंशाच्या चेहऱ्याचे मूल जन्मते त्या अर्थी सर्व मानवजात एक आहे, असा निष्कर्ष त्याने त्यावरून काढला होता! गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच संपले होते, तेव्हाची ही गोष्ट. तर्क चुकला, पण मन ठिकाणावर होते. १९६१ साली एकोणीस शास्त्रज्ञांनी 'लान्सेट' या नियतकालिकाला पत्र लिहून ते नाव टाकून देण्याची मागणी केली. १९६५ साली मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सोडले.

डाउनने या मुलांच्या आयुर्मानाविषयीही लिहिले आहे. ती अल्पायुषी असतात आणि क्षयाकडे त्यांचा कल असतो, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणजे मरणाचे कारण फुप्फुसांत होते. त्यामागे वार्धक्य असेल ही शंकाही त्याला येण्याचे कारण नव्हते.

ती शंका दहा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये व्यक्त झाली. जॉन फ्रेझर आणि आर्थर मिचेल या दोघा डॉक्टरांनी १८७६ साली एका स्त्रीच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत आणि त्याला जोडून अशा बासष्ट जणांविषयीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांनीही नाव योजले ते एका मंगोलवंशीय जमातीचेच. परंतु त्या नोंदींत मिचेलने एक वाक्य जाता जाता लिहिले आहे. यांपैकी बऱ्याच जणांच्या मृत्यूचे कारण विशिष्ट रोग नसून सर्वांगाचा क्षीणपणा, जणू घाईने ओढवलेले म्हातारपण, असे सांगितले गेल्याचे त्याने नमूद केले. हे वाक्य लिहिले गेले तेव्हा अल्झायमर हा भावी डॉक्टर बारा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी वाक्ये फार मोलाची वाटतात. निरीक्षण बिनचूक, पण ते ठेवावयाला फडताळच तयार नसल्यामुळे पाऊणशे वर्षे ते धूळ खात पडले.

आलोईस अल्झायमर याने आपल्या प्रसिद्ध रुग्ण स्त्रीच्या मेंदूविषयीचे व्याख्यान १९०६ साली ट्युबिंगेन येथे दिले. पन्नाशीतच स्मृती हरवून बसलेल्या त्या बाईच्या मेंदूत त्याला सूक्ष्मदर्शकाखाली चिकट पुटकुळ्या आणि पेशींत गुंतलेले धाग्यांचे गुंते दिसले. १९२९ साली फ्रिड्रिख श्ट्रुव्ह या जर्मन संशोधकाला अगदी तशाच पुटकुळ्या डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या मेंदूत आढळल्या. आणि १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील डॉ. जॉर्ज जर्व्हिस यांनी तीन रुग्णांची हकीकत छापली. तिघेही डाउन सिंड्रोमचे, तिघेही ऐन मध्यमवयात हळूहळू सारे शिकलेले विसरत गेलेले, आणि तिघांच्याही मेंदूत अल्झायमरच्याच खुणा. १९४८ हे आन द गॉलच्या मृत्यूचे वर्ष. अटलांटिकच्या एका तीरावर विसाव्या वर्षी एक मुलगी न्यूमोनियाने जात होती आणि दुसऱ्या तीरावर एक डॉक्टर सांगत होता की, यातून जे वाचतील त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले आहे. त्याचे ऐकणारे मात्र थोडे होते. रोगी म्हातारेच होत नसत, मग म्हातारपणाच्या रोगाची काळजी कोण वाहणार?

अपवाद मात्र होते, आणि त्यांतला एक तर डाउनच्या स्वतःच्या घरातला. अर्ल्सवुड सोडल्यानंतर डाउनने १८६८ साली टेडिंग्टनजवळ नॉर्मन्सफील्ड नावाचा स्वतःचा निवास काढला. पुढे तेथे मुलांसाठी एक सुंदर नाट्यगृहही बांधले. १८९६ साली तो वारला आणि दोघा मुलांनी ते काम पुढे चालवले. १९०५ साली त्यांतील रेजिनाल्डच्या पोटी मुलगा जन्मला. त्याला आजोबांचेच नाव मिळाले, जॉन. आणि आजोबांनी ज्या मुलांचे वर्णन केले होते त्यांतलाच तो एक निघाला. हा नातू कुटुंबाच्या मायेत वाढला आणि पासष्ट वर्षे जगून १९७० साली, म्हणजे द गॉल गेले त्याच वर्षी, वारला. प्रतिजैविके नव्हती तेव्हाही पोषण, स्वच्छता आणि जिव्हाळा यांच्या जोरावर एखादा एवढी मजल मारू शकत होता. संस्थांच्या अंधाऱ्या दालनांत पन्नास-पन्नास खाटांच्या रांगेत टाकलेल्या मुलांचे आयुष्य का आखूड होते, याचे अर्धे उत्तर या एका चरित्रात मिळते.

उरलेले अर्धे उत्तर औषधांनी आणि शस्त्रक्रियांनी दिले. पेनिसिलिन आले आणि छातीच्या विकारांची धार बोथट झाली. डाउन सिंड्रोमच्या सुमारे निम्म्या बालकांच्या हृदयात जन्मतः दोष असतो; बहुधा हृदयाच्या मधल्या पडद्यालाच भोक असते. ते शिवण्याची कला १९५० च्या दशकात अमेरिकेत साध्य झाली. तथापि 'असल्या' मुलासाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणारे डॉक्टर त्यानंतरही अनेक वर्षे होते. १९८२ साली अमेरिकेतील ब्लूमिंग्टन गावी अशा एका बालकाची अन्ननलिका जन्मतः बंद होती. शस्त्रक्रिया शक्य होती, मूल दत्तक घ्यावयास कुटुंबे पुढे आली होती. पण आईवडिलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार नाकारले, न्यायालयाने ते मान्य केले आणि सहाव्या दिवशी बालक उपाशी गेले. त्या प्रकरणाने केवढे वादळ उठले! १९८४ साली तेथे अशा नवजात बालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. हे सारे आपल्याच हयातीत घडले आहे, हे विसरता कामा नये.

या साऱ्याचा परिणाम आकड्यांत किती वेगाने उतरला पाहा. अमेरिकेतील मृत्यूनोंदींच्या एका मोठ्या अभ्यासानुसार, डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूचे मध्यम वय १९८३ साली पंचवीस होते. १९९७ साली ते एकोणपन्नास झाले. चौदा वर्षांत चोवीस वर्षांची भर! मानवी इतिहासात इतक्या थोड्या अवधीत एवढे आयुष्य मिळालेला दुसरा समूह मला तरी ठाऊक नाही. आणि मग मिचेलचे ते जुने वाक्य फडताळातून बाहेर आले.

मध्यंतरी रोगाचे मूळही सापडले होते. माणसाच्या पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रे असतात हे १९५६ साली निश्चित झाले, आणि १९५९ च्या जानेवारीत पॅरिसच्या जेरोम लेज्यून, मार्त गोतिए आणि रेमाँ त्युर्पें या तिघांनी जाहीर केले की, या मुलांच्या पेशींत सत्तेचाळीस असतात. एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन. लेज्यून हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नसावे. या मुलांचे रक्षण हेच जीवितकार्य मानणारे हे श्रद्धावंत शास्त्रज्ञ १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्थापन केलेल्या जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले, आणि थोड्याच आठवड्यांत, त्या वर्षीच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, देवाघरी गेले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना आदरणीय ही पदवी दिली. मात्र इतिहास लिहिताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेशी वाढवण्याचे तंत्र अमेरिकेतून शिकून आलेल्या आणि प्रयोगशाळा अक्षरशः पदरमोड करून उभारलेल्या मार्त गोतिए यांचे नाव त्या निबंधात दुसरे छापले गेले आणि लोकांच्या स्मृतीतून तर पार पुसले गेले. वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी आपली हकीकत जगापुढे मांडली. २०१४ साली फ्रान्सच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या नीतिसमितीनेही या शोधात त्यांचा वाटा मोठा असल्याचे मत दिले. त्या २०२२ साली निवर्तल्या. श्रेयाच्या या वादात कोणाचे किती खरे हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. परंतु त्या बाईंना तोवर थांबावे लागले, हे बरे झाले नाही.

एकविसावे गुणसूत्र आणि अल्झायमर यांची गाठ कोठे पडते, हे कॅलिफोर्नियातील जॉर्ज ग्लेनर यांनी दाखवले. १९८४ साली ग्लेनर आणि त्यांचे सहकारी वाँग यांनी अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांवर जमणारे चिकट प्रथिन वेगळे काढले. मग तेच प्रथिन डाउन सिंड्रोमच्या व्यक्तींच्या मेंदूतही सापडले. ग्लेनरनी तर्क केला की, हे प्रथिन तयार करण्याची आज्ञा एकविसाव्या गुणसूत्रावर असली पाहिजे. तीन वर्षांत, १९८७ साली, ते जनुक नेमके तेथेच मिळाले. उलगडा फार साधा आहे. ज्याच्याकडे त्या जनुकाच्या दोनाऐवजी तीन प्रती आहेत त्याच्या मेंदूत ते प्रथिन जन्मभर दीडपट तयार होते, त्यातून तुटलेला चिकट अंश साठत जातो, आणि चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत त्या पुटकुळ्या दिसू लागतात. (ग्लेनर स्वतः १९९५ साली वारले ते शरीरात असेच एक चिकट प्रथिन साठण्याच्या विकाराने. त्याला काय म्हणावे!)

या उलगड्याला पुढे एक विलक्षण साक्ष मिळाली. १९९८ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम असलेल्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. ती अखेरपर्यंत विसराळू झाली नव्हती. तिच्या पेशी तपासल्या तेव्हा दिसले की, एकविसाव्या गुणसूत्राचा तिसरा तुकडा अपुरा आहे आणि ते विशिष्ट जनुक त्यात आलेलेच नाही. उलट, २००६ साली फ्रान्समध्ये अशी कुटुंबे सापडली की, ज्यांतील माणसांना डाउन सिंड्रोम नाही, परंतु तेवढे एकच जनुक जास्तीचे आहे. त्यांना ऐन उमेदीत अल्झायमरने गाठले होते. जगभर वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावर जे संशोधन चालू आहे त्याचा पाया अशा रीतीने पुष्कळ अंशी या दुर्लक्षित माणसांच्या देहांनी घातला आहे. आणि तरीही, २०२३ साली अमेरिकेत ज्या नव्या अल्झायमरविरोधी औषधाला पूर्ण मान्यता मिळाली त्याच्या मुख्य चाचणीत डाउन सिंड्रोमच्या व्यक्तींना घेतलेले नव्हते. ते त्यांना सोसेल की नाही, याची परीक्षा त्यामुळे मागे पडली.

आजचे ज्ञान असे आहे की, डाउन सिंड्रोम असलेल्या दहांपैकी नऊहून अधिक व्यक्तींना दीर्घायुष्य लाभल्यास स्मृतिभ्रंश गाठतो, आणि त्याची लक्षणे सरासरी पन्नाशीच्या पहिल्या पाच वर्षांत स्पष्ट होतात. सुरुवात बहुधा विसरण्याने होत नाही. गोड स्वभावाचा माणूस हट्टी होतो. मिळूनमिसळून राहणारा खोलीत बसून राहतो. जिना उतरताना बिचकतो. पुढे हातपाय अचानक झटका देतात, आणि ज्याला आयुष्यात कधी आकडी आली नाही त्याला उतारवयात फेफरे येऊ लागते.

परंतु येथे एक मोठी मेख आहे, आणि माझ्या मते साऱ्या लेखातला हाच भाग घरोघर पोहोचावयास हवा. हट्टीपणा, सुस्ती, विसराळूपणा म्हणजे प्रत्येक वेळी अल्झायमर नव्हे. या व्यक्तींची थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचे प्रमाण मोठे आहे. ती मंदावली की माणूस लठ्ठ, थंड आणि उदास होतो, आणि रोजच्या एका गोळीने सुधारतो. कान लवकर बधिर होतात, किंवा अरुंद कर्णनलिकेत नुसता मळ दाटलेला असतो. मोतीबिंदू लवकर धरतो. झोपेत श्वास अडकून रात्रभर विश्रांतीच मिळत नाही, मग दिवसा माणूस पेंगणार नाही तर काय? मानेच्या वरच्या मणक्यांची सांध ढिली असल्यास मज्जारज्जू दाबला जाऊन चाल बिघडते. स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा लवकर जाते, हाडे ठिसूळ होतात. आई किंवा बाप गेल्याचे दुःख बोलून दाखवता येत नाही आणि ते अबोल्याच्या रूपाने बाहेर पडते. यांतले बहुतेक सारे तपासता येते आणि बरेचसे बरे करता येते. पण 'त्याचे असेच असायचे' या तीन शब्दांनी तपासणीचे दार बंद होते. देवाने तेवढीच एक मेहेरबानी मात्र केली आहे. स्तन, फुप्फुस यांसारखे मोठ्या वयातले कर्करोग या व्यक्तींत फार कमी आढळतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्याही सहसा तुंबत नाहीत. त्याचे कारण शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.

आता आमच्या मावशींविषयी. नावगाव सांगत नाही; वसई भागातील वाचकांपैकी काहींना ओळखता येईल, त्यांनीही ते मनातच ठेवावे. त्यांचा मुलगा पन्नाशी ओलांडलेला. अनेक वर्षे रविवारच्या पहिल्या मिस्साला दानाची पिशवी फिरवणे हे त्याचे काम, आणि ते तो एखाद्या मंत्र्याच्या रुबाबात करी. काही वर्षांपूर्वी तो मधेच बाकावर बसू लागला, पिशवी कोणाच्याही मांडीवर ठेवून देऊ लागला. एका डॉक्टरांनी सांगितले, हा रोग आता असाच वाढणार, घरी बसवा. मावशी दीड वर्ष गप्प बसल्या. मग एका धर्मभगिनींनी आग्रहाने रक्त तपासून घेतले तेव्हा थायरॉइड अगदीच निजलेली निघाली. गोळी सुरू झाली आणि चार महिन्यांत गडी पुन्हा पिशवी घेऊन उभा! ते दीड वर्ष मात्र वाया गेले. पुढे खरा आजारही आला. तो कोणत्याही गोळीने परतला नाही.

मावशींचे वय ब्याऐंशी. एकदा मला म्हणाल्या, "सर, देवळाच्या दाराला कडी त्याने घातली नाही की मीच काढली, ते आता मला कळत नाही. तो विसरतो की मी विसरते, तेवढं कोणीतरी सांगा." दोघांची संध्याकाळ एकाच वेळी आलेली. अशा घरांसाठी आपल्याकडे काही सोय आहे, काही नाही. मुंबईत १९४४ साली वकील या पारशी दांपत्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी घरातच वर्ग सुरू केला आणि त्यातून शिवडीची जय वकील शाळा वाढली. पण शाळा ही शेवटी मुलांची. प्रौढांनी एकत्र राहावे अशी घरे १९६४ साली फ्रान्समधील त्रोली-ब्रई गावी 'लार्श' या नावाने सुरू झाली आणि १९७० साली बंगळूरला 'आशा निकेतन' उघडले. या चळवळीचा संस्थापक जाँ व्हानिए याने आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून काही स्त्रियांचे शोषण केल्याचे त्याच्या मृत्यूनंतर, २०२० साली, संस्थेनेच चौकशी करून जाहीर केले. वाचून मन कडू झाले. ती घरे मात्र तेथील रहिवाशांची आहेत, आणि त्यांतले कित्येक आज तेथेच म्हातारे झाले आहेत. कायद्याने पालकत्व नेमून घेण्याची तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, आणि त्याच न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते. मावशींना हे ठाऊक नव्हते. अर्ज मी भरून दिला. पालक म्हणून धाकट्या मुलीचे नाव घातले. तिने सही केली तेव्हा मावशी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत होत्या.

जाणकार डॉक्टर आता सांगतात की, अशी व्यक्ती पस्तिशीत असतानाच तिला काय काय येते याची नोंद करून ठेवावी, म्हणजे पुढे काय हरवले ते कळते. मावशींना हे कोणी सांगितले नव्हते. तरीही परवा त्यांनी एक जुनी शाळेची वही माझ्यापुढे ठेवली. मुलाला जे जे नवे आले ते त्या वर्षानुवर्षे तीत टिपत आल्या होत्या. बुटाची नाडी. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पूर्ण. विहिरीवरून एक बादली, न सांडता. दानाची पिशवी, दोन्ही बाजूंचे बाक. गेल्या चार वर्षांत त्यांनी त्याच वहीत मागून पुढे येत एकेका ओळीपुढे पेन्सिलीने बारीक फुली मारली आहे. प्रार्थनेच्या ओळीपुढे अजून फुली नाही.